हेअर ट्रान्सप्लांट: पुढच्या टकलाआधी मागच्या केसांचा हिशेब

फटफटी

कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल आणि शीर्षासन यांवर या चर्चास्थळावर पुरेसे धागे आहेत. शस्त्रक्रियेवर मात्र जे काही आहे ते "आमच्या ऑफिसातला एकजण करून आला, मस्त दिसतो" एवढ्यावर संपतं. मी वयाच्या ३८व्या वर्षी पुण्यात करून घेतलं. त्याला वर्ष उलटून गेलं, जे उगवायचं होतं ते उगवलं, म्हणून आता लिहितोय. क्लिनिकचं नाव विचारू नका, खासगी निरोपातही सांगणार नाही. जाहिरातीचा आरोप नको.

मूळ मुद्दा आधी. या शस्त्रक्रियेत नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानांच्या वरच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढायचे आणि पुढे लावायचे, एवढंच. पुरुषी टकलात डीएचटी नावाचं हार्मोन पुढची आणि टाळूवरची मुळं बारीक करत नेतं. मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि जागा बदलली तरी केसाचा हा गुण बदलत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं. जपानचे शोजी ओकुडा यांनी त्याच्या २० वर्षं आधी, १९३९ मध्ये, केसाळ त्वचेचे छोटे गोल तुकडे लावून दाखवले होते. पण ते जपानीत छापलं गेलं आणि पाठोपाठ महायुद्ध आलं, त्यामुळे बाहेरच्या डॉक्टरांना कळायला बराच काळ गेला.

आता हिशेब. केस त्वचेतून एकेकटे येत नाहीत, एक ते चारच्या गुच्छात येतात. असा एक गुच्छ म्हणजे एक ग्राफ्ट, सरासरी दोन केसांचा. भरलेल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते १०० गुच्छ असतात. लावताना ३५ ते ४५ मिळाले तरी काम झालं, कारण मूळच्या निम्मी दाटी असली की बघणाऱ्याला विरळ वाटत नाही. मागून आयुष्यभरात काढता येण्याजोगे ग्राफ्ट ढोबळमानाने पाच-सहा हजार, कित्येकांचे त्याहून कमी.

माझा रिकामा भाग पुढचा, साधारण ६० चौरस सेंटिमीटर. ४० ने गुणलं की २४००. जमण्यासारखं होतं. पण कपाळापासून टाळूच्या मागपर्यंत सगळं गेलेलं असेल तर २०० चौरस सेंटिमीटर सहज भरतात, म्हणजे ८००० ग्राफ्ट. तेवढे मागे नसतातच. म्हणून पूर्ण टकलाला "कॉलेजात होते तसे करून देतो" असं कोणी म्हणालं तर उठून यावं. मला तीन ठिकाणी हा अनुभव आला. एका ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत, "काउन्सेलर" म्हणून बसवलेल्या मुलीने मोबाइलवर फोटो काढून "सर, साडेचार हजार लागतील, आज बुकिंग केलं तर पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) फ्री" असं सांगितलं. मागच्या केसांकडे कोणी पाहिलंही नाही. जिथे केलं तिथल्या डॉक्टरांनी पहिली वीस मिनिटं भिंग लावून फक्त मागचं डोकं पाहिलं आणि वडिलांचे, आईकडच्या मामांचे फोटो मागितले. मला तिथेच पटलं.

पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात आणि पट्टीतले गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करतात. एक रेघ कायमची राहते, पण मागची दाटी टिकते. एफयूईमध्ये मिलिमीटरभर व्यासाच्या पंचने एकेक गुच्छ उचलतात. रेघ नाही, बारीक पांढरे ठिपके राहतात. जाहिरातीतलं डीएचआय म्हणजे एफयूईच, फक्त लावायला पेनासारखं अवजार. त्यासाठी दीडपट पैसे मागतात, ते का ते मला कोणी धड सांगू शकलं नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस कंटाळवाणा असतो. आधी रक्त तपासण्या, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी. मग सगळं डोकं भादरतात. भुलेची इंजेक्शनं मात्र दुखतात, खोटं कशाला बोलू. कपाळाच्या कडेची तर डोळ्यांतून पाणी काढतात. नंतर काही कळत नाही. अर्धा दिवस पालथं पडून मागचे केस काढून घ्यायचे, मध्ये उपमा आणि चहा, मग उताणं पडून पुढे लावून घ्यायचे. संध्याकाळी घरी.

नंतरचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. पहिले काही दिवस डोकं उंचावर ठेवून झोपायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. माझे डोळे इतके सुजले की सोसायटीचा वॉचमन हटकणार होता. सूज दोन दिवसांत जाते. सलाइनचा फवारा दर तासा-दोन तासांनी. डोकं धुवायचं ते क्लिनिकमध्ये दाखवतात तसंच, नळाची धार लावायची नाही. आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात आणि आरशात छान बारीक केस दिसतात. माणूस हरखतो. तिसऱ्या आठवड्यापासून हे सगळे केस गळतात. सगळे. मूळ आत जिवंत असतं, वरची काडी पडते. कधी कधी शेजारचे जुने केसही धक्क्याने गळतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात आपण शस्त्रक्रियेआधी होतो त्याहून वाईट दिसतो. चौथ्यात बारीक, वाकडे, सोनेरीसर तंतू येतात. सहाव्यात लोक "काय रे, तब्येत सुधारली का" विचारतात. पूर्ण निकाल १२ महिन्यांनी, टाळूचा असेल तर १८ सुद्धा.

पुण्यात मला ३५ रुपयांपासून ९० रुपयांपर्यंत प्रति ग्राफ्ट दर मिळाले. विचारा काय विचारायचं ते.

---

कट्टेकरी नंबर दोन

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत, त्यामुळे फक्त वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हलके घ्या.

---

बाराखडी

मस्त लिहिलंय. माझं वय २३. दोन्ही कोपरे आत गेलेत, टाळूवरही हलकं पातळ वाटतं. वडील आणि मोठा मामा दोघंही पूर्ण टकले. घरात पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचं म्हणतायत (मला नकोय, तो वेगळा धागा). ठाण्यातल्या एका क्लिनिकने ३००० ग्राफ्ट सांगितले आणि हेअरलाइन पेनने काढून दाखवली, एकदम खाली, शाळेत होती तशी. ईएमआय पण आहे. करू का?

---

त्वचाविशारद

@बाराखडी, आत्ता करू नका.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, स्वतः ट्रान्सप्लांट करत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक गमावण्याची भीती नाही. तेविसाव्या वर्षी गळती कुठवर जाणार हे ठरलेलं नसतं. तुमचे वडील आणि मामा बघता बरीच लांब जाईल असं धरून चाला. आज ३००० ग्राफ्ट खाली आणलेल्या हेअरलाइनवर खर्च झाले, आणि पस्तिशीपर्यंत तिच्यामागचे तुमचे स्वतःचे केस गेले, तर पुढे केसांची एक पट्टी आणि तिच्यामागे टक्कल असं दिसतं. तोवर मागची शिल्लकही अर्धी झालेली असते. अशी डोकी दुरुस्त करायला लोक येतात आणि त्यांच्याकडे लावायला केसच उरलेले नसतात. चाळिशीतल्या चेहऱ्याला शोभेल अशी, किंचित वर आणि कोपऱ्यांत आत असलेली हेअरलाइन काढणारा डॉक्टर शहाणा समजावा. क्लिनिकमध्ये ती निराश करते, हेही खरं.

तुमच्या वयाला आधी औषध. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांना अंगभर केस यायला लागले, म्हणून त्याचं लोशन झालं, अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याने केस जास्त गळतात, घाबरून बंद करू नये. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅममध्ये १९९२ साली आलं आणि केसांसाठी १ मिलिग्रॅममध्ये १९९७ साली. ते डीएचटी तयार होणंच कमी करतं. दोन्ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात, सोडली की वर्षभरात टिकवलेले केस जातात आणि औषध घेतलंच नसतं तर जिथे असता तिथे येऊन थांबता. एक-दीड वर्ष घेऊन बघा, काय टिकतं ते कळेल. मग शस्त्रक्रियेचा विचार.

आणि ट्रान्सप्लांट झालं म्हणून औषध सुटत नाही. लावलेले केस टिकतात, त्यांच्यामधले जुने केस गळतच राहतात.

---

बाराखडी

धन्यवाद डॉक्टर. पण फिनास्टेराइडबद्दल नेटवर वाचून घाम फुटतो. "तसले" परिणाम.

---

त्वचाविशारद

"तसले" म्हणजे कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं. मूळ चाचण्यांत औषध घेणाऱ्या ३.८ टक्के आणि नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनी अशी तक्रार सांगितली होती. बहुतेकांची औषध बंद केल्यावर जाते. काही थोड्या जणांची रेंगाळते असंही नोंदलेलं आहे, ते मी उडवून लावणार नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. त्यामुळे आधीपासून नैराश्य असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि मन उदास वाटायला लागलं तर गोळी थांबवून लगेच भेटायचं. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून खाण्याची ही गोळी नव्हे.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ही गोळी चालू असताना रक्तदान करू नये, बंद केल्यावर किमान महिनाभर थांबावं, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका. याच कारणाने घरातल्या गरोदर बाईने फुटलेली गोळी हातातही धरू नये. आणि पुढे वय वाढल्यावर पीएसए ही प्रोस्टेटची रक्त तपासणी कराल तेव्हा हे औषध घेताय हे सांगा, आकडा निम्मा दिसतो.

---

देवरुखचा बंड्या

फटफटीशेठ, धागा सहा महिने आधी का नाही काढलात? माझा चौथा महिना चालू आहे. डोक्यावर काहीही नाही. बायको रोज तिरक्या नजरेने बघते, कारण तिने एवढ्या पैशात पडवीवर पत्रे घालायचे ठरवले होते. क्लिनिकला फोन केला तर "सर, नॉर्मल आहे." नॉर्मल म्हणजे किती नॉर्मल? शिवाय दोन-तीन पुळ्या पण आल्यात.

---

फटफटी

बंड्याभाऊ, तुम्ही भातशेतीवाल्या गावचे ना? आवण उपटून लावणी केली की रोप आधी पिवळं पडून मान टाकतं, मुळं धरली की मग हिरवं होतं. तेच चालू आहे. चौथा महिना हा सगळ्यात वाईट. मी त्या काळात पुढचे फोटो काढणं बंद केलं होतं. पुळ्या येतात, नवा केस त्वचेबाहेर यायला धडपडतो तेव्हा. गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं की बहुतेक बसतात. खूप असतील, पू असेल किंवा दुखत असतील तर मात्र फोनवर "नॉर्मल" ऐकून घेऊ नका, जाऊन दाखवा.

वहिनींना पत्र्यांचं पुढच्या उन्हाळ्यात सांगा.

---

ताकमेथकूट

बायकांचं काय? माझा भांग रुंद होत चाललाय. वय ४१. पार्लरवाली म्हणते ट्रान्सप्लांट कर, तिच्या ओळखीत आहे. (पार्लरवालीच्या ओळखीत सगळंच असतं.)

---

त्वचाविशारद

ताई, पार्लरच्या ओळखीतलं नकोच. बायकांमध्ये बहुतेकदा केस सगळीकडेच पातळ होतात, मागचेसुद्धा. म्हणजे जिथून उचलायचे तिथेच भरवसा नसतो. त्यामुळे शस्त्रक्रियेला योग्य बायका कमी निघतात. जन्मापासून कपाळ मोठं असेल, भाजल्याचा वण असेल किंवा वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा-वेणी ओढून कडेचे केस गेले असतील, अशांना चांगला उपयोग होतो.

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, जोरदार डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि सहा-आठ महिन्यांत बहुतेक परत येतात. कोविडनंतर याच गळतीवर लोकांनी ट्रान्सप्लांटचे अॅडव्हान्स भरलेले मी पाहिलेत. आणि गोल चकती पडली असेल, म्हणजे चाई, तर तो आपल्याच प्रतिकारशक्तीने मुळांवर केलेला हल्ला आहे. तो चालू असताना तिथे केस लावले तर तेही जातात.

केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला सांगा. त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

---

वऱ्हाडी ठेचा

गळती आणि टक्कल वेगळं हे आमच्या बुलढाण्यानं पुरतं पाह्यलं भाऊ. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवाड, हिंगणा या गावांत लोकायचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. पोरं, बाया, म्हातारे, कोणीच सुटलं नाही. 'टक्कल व्हायरस' नाव पडलं, पाहुण्यायनं यायचं बंद केलं, सोयरिकी अडल्या. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं. पाण्याचा दोष, शाम्पूचा दोष, सगळं झालं. विंचवाच्या औषधावर काम करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः आले, नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. काहींचे केस नंतर परत यायले लागले. तेव्हा एखाद्या क्लिनिकवाल्यानं तिथं तंबू टाकला असता तर निम्म्या गावानं पैसे भरले असते.

---

स्टुटगार्टवासी

इस्तंबूलचा उल्लेख अजून कसा नाही? इथे जर्मनीत ट्रान्सप्लांट म्हणजे तुर्कस्तान. विमानतळावर डोक्याला काळी पट्टी बांधलेले पुरुष रांगेने बसलेले असतात. मी पॅकेज घेतलं होतं, हॉटेल, गाडी, दुभाषा सगळं धरून अडीच हजार युरोच्या आसपास. डॉक्टरांनी येऊन कपाळावर रेघ मारली आणि ते गेले, पुन्हा दिसले नाहीत. काढणं, छिद्र पाडणं, लावणं सगळं टेक्निशियननी केलं. तीन जण होते, एकमेकांशी गप्पा मारत. "मॅक्झिमम ग्राफ्ट्स" असं पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मला परत आल्यावर कळला: मागचं डोकं ठिपके ठिपके विरळ झालंय, बारीक केस कापता येत नाहीत. पुढच्या पहिल्या ओळीत दोन-दोन, तीन-तीन केसांचे गुच्छ लावलेत. नैसर्गिक कडेला एकेक केस असतो, म्हणून माझी कड बघणाऱ्याला लगेच कळते.

चांगले सर्जन तिथेही आहेत, माझ्या सहकाऱ्याचं उत्तम झालंय. त्याने जास्त पैसे देऊन, डॉक्टर स्वतः छिद्रं पाडणार हे लेखी घेतलं होतं.

---

त्वचाविशारद

या प्रतिसादातली कडेची गोष्ट महत्त्वाची आहे. पुढच्या दोन-तीन ओळींत एकेरी केसांचेच ग्राफ्ट, त्यामागे दुहेरी-तिहेरी. आणि पुढचे केस त्वचेला जवळजवळ लागून, पुढे झुकून येतात. छिद्राचा कोन चुकला की केस उभे राहतात, मग कितीही दाट असोत. जुन्या काळी, साठ ते ऐंशीच्या दशकांत, ४ मिलिमीटरचे गोल तुकडे लावायचे, त्यात १५-२० केस. लांबून झुपके झुपके दिसायचे. ट्रान्सप्लांट म्हणजे "लगेच कळतं" हा समज तिथला आहे. पण एफयूईतही निष्काळजी माणूस तेच करून दाखवतो.

कोन आणि छिद्रं हे डॉक्टरचं काम. ग्राफ्ट सुटे करणं, मोजणं, ठेवणं याला मदतनीस चालतात, लागतातच. ग्राफ्ट बाहेर जितका जास्त वेळ राहील तितके जास्त मरतात, म्हणून हात जास्त हवेत.

---

मोडीवाचक

सगळं ठीक आहे, पण यात माणसं दगावतात त्यावर कोणी बोलत नाहीये. मुंबईत झालं होतं ना काही?

---

त्वचाविशारद

हो. मार्च २०१९, मुंबई. त्रेचाळीस वर्षांचे व्यावसायिक, एकाच बैठकीत ९००० हून जास्त ग्राफ्ट, बारा तासांहून जास्त वेळ चाललेली शस्त्रक्रिया. दुसऱ्या दिवशी सूज आणि श्वासाचा त्रास, मग मृत्यू. तीव्र अॅलर्जीचा संशय व्यक्त झाला होता. २०२५ मध्ये कानपूरमध्येही मृत्यू होऊन पोलीस केस झाली.

दुर्मीळ आहे, पण अॅलर्जीशिवाय लांबलेल्या बैठकीतला आणखी एक धोका समजून घ्या. भूल म्हणून लिग्नोकेन देतात. अॅड्रेनालिनसोबत दिलं तर साधारण मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं द्रावण फार तर साडेचोवीस मिलिलिटर. बैठक लांबली की भूल उतरते, परत टोचतात, परत टोचतात. मोजणारा कोणी नसेल तर विषबाधेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एका दिवसात अडीच-तीन हजारांच्या वर जायचं असेल तर दोन दिवसांत विभागून घ्या. "एका दिवसात पाच हजार" हा मला तरी जाहिरात करण्यासारखा गुण वाटत नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम रीतसर प्रशिक्षित डॉक्टरांचं आहे, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पदवी बघा: त्वचारोगाची एमडी किंवा डीएनबी, किंवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव टाकून नोंदणी तपासता येते. भेटीत विचारा: छिद्रं कोण पाडणार? त्या दिवशी आणखी किती रुग्ण आहेत? काही झालं तर ऑक्सिजन, अॅड्रेनालिन आणि जवळचं आयसीयू कुठे? शेवटच्या प्रश्नावर काउन्सेलर अडखळला तर बुकिंगचे पैसे परत मागा.

आणि रक्तदाब, साखर, अॅस्पिरिन, पूर्वीची अॅलर्जी यातलं काहीही लपवू नका. "ऑपरेशन रद्द होईल" म्हणून लपवणारे मी पाहिलेत.

---

सदोबा आजरेकर

आमच्या काळी टोपी होती. गांधी टोपी घातली की सगळे सारखे. तुम्हा पोरांना कपाळ लपवायला लाख रुपये लागतात.

---

फटफटी

काका, टोपी मलाही चालली असती, पण ऑफिसात एसीखाली बसून टोपी घातली तर आजारी समजून सुट्टी देतात.

गंभीरपणे सांगायचं तर, मुंडण करून मोकळा झालेला माझा मित्र माझ्याहून देखणा दिसतो. ज्याला जमतं त्याने खुशाल करावं. मला नाही जमलं, माझ्या डोक्याचा आकार तसा नाही.

---

ताकमेथकूट

खर्चाचं राहिलं. मेडिक्लेममध्ये बसतं का? आणि भावाला क्लिनिकने बिलावर जीएसटी लावलाय. डॉक्टरी सेवेवर जीएसटी नसतो ना?

---

मोडीवाचक

मेडिक्लेम नाही, सौंदर्यासाठीचं कुठल्याच नेहमीच्या पॉलिसीत नसतं. जीएसटीचं मी सांगतो, माझा धंदाच तो. आरोग्यसेवेला माफी आहे, पण त्या माफीतून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलंय, सौंदर्यशस्त्रक्रियेबरोबर. १८ टक्के लागतो. अपघात, भाजणं किंवा जन्मजात व्यंग यामुळे पूर्ववत करण्यासाठी केलं असेल तर लागत नाही. त्यामुळे दर विचारताना "जीएसटी धरून की वेगळा" हे आधी विचारायचं. लाखाला अठरा हजार, थोडेथोडके नाहीत. आणि जो "कॅश द्या, बिल नको" म्हणेल त्याच्याकडे उद्या तक्रार करायला कागद कुठला आणणार?

---

देवरुखचा बंड्या

पीआरपीचं काय? मला सहा वेळा घ्यायला सांगितलंय, दर महिन्याला.

---

त्वचाविशारद

तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग डोक्यात टोचतात. काहींना थोडा फायदा दिसतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, प्रत्येकाची तयार करायची रीतही निराळी. बारीक झालेला केस थोडा जाड होऊ शकतो. गुळगुळीत टकलावर काही उगवत नाही. पैसे मोजून घेतलेले असतील तर घ्या. ते चुकवलंत म्हणून ट्रान्सप्लांट वाया जात नाही.

---

कट्टेकरी नंबर दोन

ज्यांच्याकडे मागेच काही नाही त्यांनी? (मित्रासाठी विचारतोय.)

---

फटफटी

मित्राला सांगा, दाढीचे केस लावता येतात, हनुवटीखालचे. जाड असतात, टाळूवर मधे मधे भर घालायला बरे, कपाळाच्या कडेला अजिबात नाहीत. छातीचे फार वाढत नाहीत. नाहीतर बारीक केस ठेवून डोक्यावर ठिपक्यांचं गोंदण करतात, लांबून खुंट असल्यासारखं दिसतं. हेअर पॅच हा तिसरा मार्ग, दर तीन-चार आठवड्यांनी काढून चिकटवून घ्यावा लागतो आणि मुंबईच्या घामात खाज येते म्हणतात.

---

ढोलगजर

माझा एकच प्रश्न. मी ढोलपथकात आहे, टिळक रोडला असतो. मे मध्ये करायचं म्हणतोय, म्हणजे गणपतीपर्यंत केस येतील. हेल्मेट, घाम, गुलाल, याचं काय? सराव दोन महिने आधीच सुरू होतो.

---

फटफटी

हेल्मेट मला दोन आठवडे बंद होतं, काही डॉक्टर महिनाही सांगतात. बस किंवा रिक्षा. नंतर घालताना डोक्यावर घासत ओढायचं नाही, वरून सरळ ठेवायचं. जिम आणि घाम गाळणारं काम दोन-तीन आठवडे नाही. ढोल कमरेला बांधून वाजवणं त्यातच आलं. पोहणं महिनाभर नाही, आणि गुलालात भेसळीचे रंग असतात, त्यामुळे तोही निदान महिनाभर दूर. भर उन्हात टाळू सहा महिने तरी झाकून.

पण मे मध्ये केलंत तर गणपती नेमके तुमच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतात. म्हणजे लावलेले गळून गेलेले, नवे यायचे. मिरवणुकीतल्या सगळ्या फोटोंत आत्तापेक्षा कमी केस दिसतील. फेटा बांधायला तोवर हरकत नसते, पण सरावाला रोज फेटा बांधून कोण जातं? विसर्जन झाल्यावर पंधरा दिवसांत करा. पाऊस कमी झालेला असतो, ढोल गोदामात गेलेले असतात, आणि पुढच्या गणपतीपर्यंत जवळजवळ पूर्ण वर्ष मिळतं. तोवर डॉक्टर म्हणतात तसं औषध सुरू करून ठेवा. आणि तारीख घ्यायच्या आधी दोन ठिकाणी दाखवा, जिथे मागचं डोकं आधी बघतील तिथली घ्या.